रेड कॉर्नर नोटिशीला आव्हान कसं देतात?

हकीम अल-अराईबी या फुटबॉलपटूला २७ नोव्हेंबर २०१८ रोजी बँकॉकच्या विमानतळावर ताब्यात घेतलं, तेव्हा तो बायकोबरोबर मधुचंद्राला आला होता. तो मूळचा बहारीनचा. तिथून जीव वाचवून तो ऑस्ट्रेलियात गेला आणि २०१७ मध्ये त्याला निर्वासिताचा दर्जा मिळाला. बहारीनच्या न्यायालयाने पोलीस चौकीच्या तोडफोडीच्या आरोपावरून त्याच्या गैरहजेरीत त्याला १० वर्षांची शिक्षा सुनावली होती. त्या वेळी आपण टीव्हीवर दाखवल्या जाणाऱ्या सामन्यात खेळत होतो, असं तो सांगत राहिला. ज्या देशातून माणूस पळून आला, त्याच देशाच्या सांगण्यावरून निर्वासिताविरुद्ध रेड कॉर्नर नोटीस काढू नये, असं इंटरपोलचं धोरण आहे. तरी ती निघाली. चूक लक्षात आल्यावर इंटरपोलने काही दिवसांतच ती मागे घेतली.

पण हकीम सुटला नाही. ११ फेब्रुवारी २०१९ पर्यंत तो थायलंडच्या तुरुंगात होता. न्यायालयात आणलं तेव्हा त्याच्या पायात बेड्या होत्या. तोवर बहारीनने त्याच्या प्रत्यार्पणाची मागणी केली होती, आणि नोटीस मागे घेतल्याने ती मागणी रद्द होत नव्हती.

हा क्रम मनात पक्का ठेवावा. माणसाला पकडायला लावणारा कागद एका दारातून येतो आणि त्याला परत पाठवण्याची मागणी दुसऱ्या दारातून. दोन्ही दारांवर वेगवेगळं भांडावं लागतं, आणि एका ठिकाणी चालणारा युक्तिवाद दुसरीकडे चालेलच असं नाही. पहिल्या दाराबद्दल सोप्या भाषेत फार कमी लिहिलं गेलं आहे, म्हणून या लेखात भर त्यावर आहे.

नोटीस म्हणजे नेमकं काय

इंटरपोलकडे स्वतःचे अटक करणारे पोलीस नाहीत. फ्रान्समधल्या लियॉन शहरात मुख्यालय असलेली ही १९६ देशांची संघटना आहे. प्रत्येक सभासद देशात तिच्याशी जोडलेलं एक राष्ट्रीय कार्यालय असतं, आणि त्यात त्या देशाचेच अधिकारी बसतात. एखाद्याविरुद्ध अटक वॉरंट निघालं किंवा त्याला शिक्षा झाली, आणि तो देशाबाहेर असावा असं वाटलं, की हे कार्यालय लियॉनला अर्ज करतं. या माणसाला शोधा, सापडला तर प्रत्यार्पणाची कारवाई होईपर्यंत हंगामी अटकेत ठेवा, ही आमची विनंती सगळ्या देशांपर्यंत पोहोचवा, असा त्याचा आशय असतो. लियॉनचं सचिवालय अर्ज तपासतं आणि तो नियमात बसला तर नोटीस प्रसिद्ध करतं. तिचं अधिकृत नाव नुसतं ‘रेड नोटीस’. कागदाच्या कोपऱ्यातल्या लाल खुणेवरून ‘रेड कॉर्नर’ हे नाव रूढ झालं. बाकी रंगांची कामं वेगळी आहेत: निळी नोटीस एखाद्याचा ठावठिकाणा किंवा ओळख विचारते, पिवळी हरवलेल्या माणसांसाठी असते, काळी अनोळखी मृतदेहांसाठी.

२००५ मध्ये वर्षभरात २,३४३ रेड नोटिसा निघाल्या होत्या. २०२१ मध्ये हा आकडा १०,७७६ झाला. २००९ पासून देशांना नोटिशीचा अर्ज संगणकावरून थेट भरता येऊ लागला, हे वाढीचं एक मोठं कारण. अर्ज सोपा झाला तशी तपासणी कडक व्हायला हवी होती, पण त्यासाठीचं खास पथक २०१६ मध्ये आलं. मधल्या वर्षांत जी प्रकरणं घुसली, त्यांचे परिणाम काही माणसं अजून भोगत आहेत.

नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. असं वॉरंट इंटरपोल काढतच नाही. वॉरंट मूळ देशाच्या न्यायालयाचं असतं, नोटीस फक्त त्याची खबर जगभर पोहोचवते. ती खबर मिळाल्यावर काय करायचं, हे प्रत्येक देश आपल्या कायद्यानुसार ठरवतो. अमेरिकेत केवळ रेड नोटिशीवर अटक करता येत नाही. तिथे प्रत्यार्पण कराराच्या आधारे न्यायाधीशाकडून वेगळं वॉरंट घ्यावं लागतं. ब्रिटनने २०२० मध्ये कायदा बदलला आणि वॉरंटशिवाय हंगामी अटकेची मुभा पोलिसांना दिली, पण ती अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा निवडक विश्वासातल्या देशांच्या मागणीपुरतीच. इतर अनेक देशांत मात्र नोटीस संगणकावर दिसली की माणसाला कोठडीत टाकतात आणि चौकशी नंतर होते. त्यामुळे एकच नोटीस असलेला माणूस एका विमानतळावरून बिनदिक्कत बाहेर पडतो आणि दुसऱ्या विमानतळावर अडकतो.

नोटिशीचा एक कमी माहितीतला भाऊ आहे, डिफ्यूजन. यात मागणी करणारा देश इंटरपोलच्याच जाळ्यावरून आपला संदेश थेट हव्या त्या देशांना पाठवतो. परिणाम जवळजवळ तोच, पण त्याला नोटिशीइतका गाजावाजा नाही. पूर्वी त्यावर तपासणीही फार ढिली होती. म्हणून ‘माझ्याविरुद्ध रेड नोटीस आहे का’ एवढाच प्रश्न विचारणं अपुरं. ‘इंटरपोलच्या नोंदींत माझ्याबद्दल काय काय आहे’ असं विचारावं लागतं. कधीकधी माणूस अडतो तो तिसऱ्याच कारणाने: त्याच्या देशाने त्याचा पासपोर्ट हरवलेल्या-चोरलेल्या कागदपत्रांच्या यादीत टाकलेला असतो. ती यादीही इंटरपोलच चालवतं.

अटकेशिवायची शिक्षा

लोकांना भीती वाटते ती अटकेची. पण बहुतेकांचं आयुष्य पोखरलं जातं ते इतर गोष्टींनी. व्हिसा नाकारला जातो आणि कारण सांगितलं जात नाही. बँका ग्राहकांची नावं धोक्याच्या खासगी याद्यांशी ताडून पाहतात. तिथे नाव दिसलं की खातं बंद करायचं पत्र येतं, आणि त्यावर अपील कुठे करायचं हेच कुणाला ठाऊक नसतं. राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकतं. नोकरीच्या आधीच्या पडताळणीत नाव येतं. आजारी आईवडिलांना भेटायला दुसऱ्या देशात जावं की नाही, हा प्रश्न वकिलाला विचारावा लागतो.

उइगुर समाजाचे नेते दोल्कुन इसा यांचं उदाहरण घ्या. जर्मनीने त्यांना आश्रय दिला, पुढे नागरिकत्वही दिलं. चीनच्या मागणीवरून निघालेली नोटीस मात्र वर्षानुवर्षं त्यांच्या मागे होती. २०१६ मध्ये एका परिषदेसाठी भारताने दिलेला व्हिसा या नोटिशीच्या कारणाने रद्द झाला. २०१७ मध्ये रोममध्ये पोलिसांनी त्यांना काही काळ ताब्यात घेतलं. अखेर फेब्रुवारी २०१८ मध्ये इंटरपोलने नोटीस काढून टाकली. ज्या देशात ते राहत होते त्या देशाचा त्यांच्यावर विश्वास होता, आणि तरीही प्रत्येक सीमेवर त्यांना आपण कोण आहोत हे नव्याने पटवून द्यावं लागत होतं.

आश्रय मागणाऱ्यांसाठी धोका आणखी खोल आहे. गंभीर अराजकीय गुन्हा केल्याचा सबळ संशय असलेल्याला निर्वासिताचा दर्जा मिळत नाही, आणि तो संशय म्हणून नोटीसच पुढे केली जाऊ शकते. अमेरिकेच्या स्थलांतर अपील मंडळाने २०२० मध्ये नोटीस हा असा पुरावा ठरू शकतो, असं म्हटलं. २०२२ मध्ये तिथल्याच नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात स्पष्ट केलं, की नुसती नोटीस पुरेशी नाही. माझ्या मते दुसरा निकाल अधिक न्याय्य आहे. ज्या सरकारपासून माणूस पळतो, त्याच सरकारने भरलेला अर्ज त्याच्याविरुद्धचा एकमेव पुरावा मानणं म्हणजे फिर्यादीलाच न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवणं.

आधी कळायला हवं

इंटरपोलच्या संकेतस्थळावर वाँटेड व्यक्तींची जी यादी दिसते, ती पूर्ण नाही. बहुसंख्य नोटिसा फक्त पोलिसांना दिसतात. मागणी करणाऱ्या देशाची इच्छा असेल तरच नाव लोकांसमोर येतं. तेव्हा यादीत नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊन तिकीट काढू नये.

खात्रीची वाट एकच आहे, आणि ती फुकट आहे. इंटरपोलच्या फाइलींवर नियंत्रण ठेवणारा एक स्वतंत्र आयोग आहे. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीसीएफ म्हणतात. आपल्याबद्दल काय नोंदलं आहे, अशी विचारणा कुणीही या आयोगाकडे करू शकतो. सही केलेला अर्ज, ओळखपत्राची प्रत, आणि वकिलामार्फत करत असाल तर त्याला दिलेलं अधिकारपत्र, एवढं लागतं. भाषा इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश किंवा अरबी यांपैकी एक हवी. अर्ज ग्राह्य ठरल्यापासून चार महिन्यांत निर्णय व्हावा असा नियम आहे.

इथे एक अडचण येते. माहिती इंटरपोलकडे असली तरी ती देणारा देश तिचा मालक मानला जातो. आयोग आधी त्या देशाला विचारतो, आणि तपासाला बाधा येईल अशा कारणाने तो देश माहिती उघड करायला हरकत घेऊ शकतो. नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही, त्याला कारण द्यावं लागतं. तरीही काहींना मोघम उत्तर मिळतं आणि त्यातून अर्थ लावत बसावं लागतं. म्हणून ज्यांना स्वतःविरुद्धच्या वॉरंटची पक्की माहिती आहे, ते विचारणेत वेळ न घालवता सरळ नोंद काढण्याची मागणी करतात.

नोटीस अजून निघालेली नाही पण निघेल अशी सार्थ भीती असेल, तर काही वकील आगाऊ पत्र लिहून आयोगाला परिस्थिती कळवतात: आश्रयाचा दर्जा, एखाद्या न्यायालयाने आधीच नाकारलेलं प्रत्यार्पण, राजकीय पार्श्वभूमी. यातून निकाल मिळत नाही. पण पुढे अर्ज आला तर तपासणाऱ्याच्या समोर दुसरी बाजूही असते. धोकाही समजून घ्यावा: पत्रात आपला आजचा पत्ता आणि देश येतो, म्हणून कोणती माहिती कुणापर्यंत जाऊ नये हे पत्रातच स्पष्ट लिहायला हवं.

आयोगासमोर काय चालतं आणि काय नाही

हा आयोग आज ज्या नियमांवर चालतो ते ११ मार्च २०१७ पासून लागू आहेत. लोकांचे अर्ज पाहणाऱ्या त्याच्या दालनात पाच सदस्य असतात. साक्षीपुरावा, उलटतपासणी, भर न्यायालयातली भाषणं यातलं सहसा काही नसतं. जवळजवळ सगळं कागदावर चालतं. नोंद काढून टाकण्याच्या अर्जावर, तो ग्राह्य ठरल्यापासून नऊ महिन्यांत निर्णय अपेक्षित असतो, प्रत्यक्षात कधी जास्तही लागतात. निर्णय इंटरपोलवर बंधनकारक असतो. त्यावर अपील नाही. फक्त निकाल बदलू शकेल अशी नवी वस्तुस्थिती हाती आली, तर ती कळल्यापासून सहा महिन्यांत फेरविचार मागता येतो.

लोक सगळ्यात मोठी चूक इथेच करतात. त्यांना आपलं निर्दोषत्व सिद्ध करायचं असतं. ते शेकडो पानं पाठवतात: व्यवहाराचे कागद, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं, तक्रारदार किती खोटारडा आहे याचं वर्णन. त्यामागची तळमळ खरी असते. पण तुम्ही गुन्हा केला की नाही, हे आयोग ठरवत नाही. तो अधिकार मूळ देशाच्या न्यायालयाचा. आयोग एकच प्रश्न विचारतो: ही नोंद इंटरपोलच्या स्वतःच्या नियमांत बसते का? नसेल, तर ती काढली जाते, मग माणूस दोषी असो वा नसो. बसत असेल, तर निर्दोष माणसाचीही राहते. ही गोष्ट पचवायला जड आहे. पण एकदा पचली, की अर्ज लिहिण्याची सगळी पद्धत बदलते.

तर ते नियम. नोटिशीसाठी किमान पात्रता ठरलेली आहे. खटला चालवण्यासाठी माणूस हवा असेल, तर त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा किमान दोन वर्षं कैदेची असावी. शिक्षा भोगायची बाकी असेल, तर ती किमान सहा महिन्यांची असावी. घटनेचा थोडक्यात पण स्पष्ट तपशील हवा: काय झालं, कधी, आणि त्यात या माणसाचा हात नेमका कसा. कायद्याचं कलम हवं, वैध वॉरंट किंवा निकाल हवा. कागदावर क्षुल्लक वाटणारी ही तपशिलाची अट प्रत्यक्षात फार कामाची आहे. ‘कंपनीच्या पैशांचा अपहार केला’ एवढं लिहून भागत नाही. नोटिशीतल्या माणसाने स्वतः काय केलं हे मूळ देशाला सांगता आलं नाही, तर नोंद टिकवणं अवघड जातं. संचालक मंडळावर नाव होतं म्हणून अडकलेल्यांनी हा मुद्दा पहिल्या पानावर मांडावा.

गंभीर स्वरूप नसलेले खासगी वाद, कौटुंबिक भांडणं आणि प्रशासकीय नियमभंग नोटिशीच्या कक्षेबाहेर आहेत. भागीदारांमधलं बिनसणं, थकलेलं देणं, न पाळलेला करार अशा दिवाणी वादाला काही ठिकाणी फौजदारी रूप दिलं जातं आणि दबाव आणायला नोटीस वापरली जाते. अशा वेळी त्याच वादाचा दिवाणी दावा, लवादाचे कागद, तडजोडीचा पत्रव्यवहार हे पुरावे मोलाचे ठरतात. ते निर्दोषत्व दाखवतात म्हणून नव्हे, तर वाद मुळात कोणत्या जातीचा आहे हे दाखवतात म्हणून.

मग येतो इंटरपोलच्या घटनेचा तिसरा अनुच्छेद. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाचं कोणतंही काम करायला संघटनेला पूर्ण मनाई आहे. वाचायला हे सोपं आहे. पण कुठलंही सरकार अर्जात ‘हा आमचा विरोधक आहे’ असं लिहीत नाही. ते फसवणूक लिहितं, करचुकवेगिरी लिहितं, दहशतवाद लिहितं. म्हणून आयोग प्रकरणात कोणता रंग जास्त गडद आहे ते पाहतो: गुन्ह्याचं स्वरूप, माणसाचं सार्वजनिक स्थान, मागणी कुणाकडून आली, इतर देशांनी काय भूमिका घेतली, आणि आजूबाजूची एकूण परिस्थिती. गुंतवणूकदार बिल ब्राउडर यांच्याविरुद्धची रशियाची मागणी इंटरपोलने २०१३ मध्ये याच कारणाने नाकारली: आरोप आर्थिक, पण मागणीचं स्वरूप प्रामुख्याने राजकीय. राजकीय मुद्दा मांडणाऱ्याने ‘माझ्यावर सूड उगवला जातोय’ एवढंच म्हणून उपयोग नाही. तारखा बोलल्या पाहिजेत. कोणत्या दिवशी कोणतं वक्तव्य केलं, किती दिवसांनी गुन्हा नोंदला गेला, त्याच गटातल्या आणखी कुणावर तेच कलम लागलं, दुसऱ्या देशाने त्यांच्यापैकी कुणाला आश्रय दिला. अशी सरळ कालरेषा पानभर विशेषणांपेक्षा जास्त वजनदार असते.

दुसरा अनुच्छेद मानवी हक्कांचा. इंटरपोलने मानवी हक्कांच्या सार्वत्रिक जाहीरनाम्याच्या भावनेने काम करायचं आहे. छळातून मिळवलेला कबुलीजबाब, बचावाची संधी न देता गैरहजेरीत चालवलेला खटला, या गोष्टी इथे येतात. ‘त्या देशात न्याय मिळत नाही’ असं सरसकट म्हटलं तर फारसं काही हाती लागत नाही. त्या परिस्थितीचा फटका या एका माणसाला कसा बसला किंवा बसेल, ते दाखवावं लागतं.

काही मुद्दे त्या मानाने सरळ आहेत, आणि त्यांचा कागद हाती असेल तर तो सर्वांत वर ठेवावा. निर्वासिताचा दर्जा. मूळ देशातच वॉरंट रद्द झाल्याचा किंवा निर्दोष सुटल्याचा आदेश. त्याच आरोपावर आधी लागलेला अंतिम निकाल. मुदतबाह्य झालेला गुन्हा. आणखी एक मुद्दा अनेकांच्या लक्षातच येत नाही: नोटिशीचा हेतू प्रत्यार्पण हा आहे. माणूस कुठे राहतो हे मूळ देशाला वर्षानुवर्षं माहीत आहे आणि तरी त्याने प्रत्यार्पण मागितलं नाही, किंवा मागितलं आणि न्यायालयाने नाकारलं, तर नोटीस कशासाठी चालू आहे, हा प्रश्न आयोगापुढे रास्त ठरतो.

प्रकरण चालू असताना नोंद इतर देशांना दिसू नये, अशी तात्पुरती व्यवस्था आयोग करू शकतो. तशी विनंती अर्जात स्वतंत्रपणे करावी.

न्यायालयाची वाट

इंटरपोलवरच दावा का लावू नये, असं पुष्कळांना वाटतं. पण संघटनेला यजमान फ्रान्ससकट काही देशांत न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे. म्हणूनच आयोगाला इतकं महत्त्व. राष्ट्रीय न्यायालयांत लढा दिला जातो तो त्या-त्या देशाच्या पोलिसांविरुद्ध, मूळ वॉरंटविरुद्ध किंवा प्रत्यार्पणाविरुद्ध.

युरोपीय संघाच्या न्यायालयाने १२ मे २०२१ रोजी असाच एक महत्त्वाचा निकाल दिला. एका जर्मन नागरिकाविरुद्ध अमेरिकेच्या मागणीवरून नोटीस होती. जर्मनीत मात्र त्याच आरोपांवरची कारवाई ठरावीक रक्कम भरून आधीच संपली होती. न्यायालय म्हणालं, की त्याच कृत्यांवर एखाद्या सभासद देशात अंतिम निर्णय झाल्याचं सिद्ध झालं, तर संघातल्या इतर देशांनी त्या माणसाला त्या नोटिशीवरून हंगामी अटकही करू नये. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा नाही, हे जुनं तत्त्व इथे कामी आलं.

अटक झालीच, तर घड्याळ फार महत्त्वाचं. हंगामी अटकेला मुदत असते, आणि त्या मुदतीत मूळ देशाने प्रत्यार्पणाचे संपूर्ण कागद पाठवावे लागतात. १९५७ च्या युरोपीय प्रत्यार्पण करारात कागद १८ दिवसांत आले नाहीत तर माणसाला सोडता येतं, आणि ४० दिवसांपलीकडे हंगामी अटक चालवताच येत नाही. इतर करारांतली मुदत वेगळी असते. पहिल्याच दिवशी वकिलाने कोणता करार लागू आहे आणि मुदत कधी संपते हे लिहून घ्यावं. नातेवाइकांचं पहिलं काम म्हणजे आपल्या वकिलातीला कळवणं, आणि अटक झालेल्या देशात प्रत्यार्पणाची प्रकरणं लढणारा स्थानिक वकील शोधणं. तो नुसता फौजदारी वकील असून पुरत नाही. ‘लवकर घरी जाल’ म्हणून पुढे केलेल्या संमतीपत्रावर वकील येईपर्यंत सही करू नये. ती सही स्वेच्छेने परत जाण्याला दिलेली मान्यता ठरू शकते, आणि मग बचावाचे बरेच मुद्दे तिथेच संपतात.

प्रत्यार्पणाच्या सुनावणीत वेगळे प्रश्न येतात: कृत्य दोन्ही देशांत गुन्हा आहे का, परत पाठवल्यावर छळाचा धोका आहे का. १९८९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ‘सोरिंग’ खटल्यात ठरवलं, की अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल तिथे माणसाला पाठवणं हेच पाठवणाऱ्या देशाकडून झालेलं हक्कभंग ठरतं. या सुनावणीत मिळालेला अनुकूल आदेश लगेच सीसीएफकडे पाठवावा. उलट दिशेनेही तसंच: आयोगाचा निर्णय प्रत्यार्पणाच्या न्यायाधीशापुढे ठेवावा. तो त्याच्यावर बंधनकारक नसतो, पण वजन असतं.

बंधनकारक नसणं म्हणजे काय, ते मेहुल चोक्सी यांच्या प्रकरणात दिसलं. भारताच्या मागणीवरून त्यांच्याविरुद्ध डिसेंबर २०१८ मध्ये रेड नोटीस निघाली. आयोगाच्या निर्णयानंतर ती नोव्हेंबर २०२२ मध्ये काढली गेली. तेव्हा सीबीआयने म्हटलं होतं, की प्रत्यार्पणासाठी नोटीस असणं ही पूर्वअट नाही. एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये त्यांना अटक झाली, भारताच्या प्रत्यार्पणाच्या मागणीवरून. नोटीस गेली म्हणजे खटला गेला असं समजू नये, हे यातून दिसतं. त्याचबरोबर हेही, की मूळ देशाची बाजू भक्कम असेल तर नोटिशीवाचूनही तिचं काम अडत नाही.

नोंद निघाल्यानंतर

आयोगाने नोंद काढायला सांगितली की इंटरपोल आपल्या यंत्रणेतून ती पुसतं आणि सगळ्या देशांना त्यांच्याकडची नोंदही दुरुस्त करायला कळवतं. काही देश ताबडतोब करतात. काहींच्या जुन्या संगणकांत ती तशीच पडून राहते. बिल ब्राउडर यांना ३० मे २०१८ रोजी माद्रिदमध्ये पोलिसांनी गाडीत बसवून नेलं आणि मागणी वैध नसल्याचं कळल्यावर थोड्याच वेळात सोडलं. त्यांच्यामागे वकील होते, पत्रकार होते, गाडीतूनच जगाला कळवण्याची सोय होती. सामान्य प्रवाशाकडे यातलं काही नसतं.

म्हणून नोंद निघाल्यावरही थोडं काम उरतं. आपल्याबद्दल आता कोणतीही नोंद नाही असं आयोगाकडून लेखी मिळवावं आणि प्रवासात त्याची छापील प्रत जवळ ठेवावी. फोनमधली प्रत फोन काढून घेतला की उपयोगाची नसते. ज्या देशात जायचं आहे तिथल्या वकिलाकडून जमल्यास सीमेवरच्या नोंदी आधी तपासून घ्याव्यात. वाटेत विमान बदलायचं असेल, तर तो मधला देशही तितकाच तपासावा, कारण अडवणूक तिथेही होऊ शकते. मूळ देशाशी प्रत्यार्पण करार असलेला किंवा त्याच्याशी घनिष्ठ संबंध असलेला देश शक्यतो टाळावा, कारण मूळ वॉरंट अजून जिवंत असू शकतं. बँकेला आणि खासगी पडताळणी कंपन्यांना निर्णयाची प्रत स्वतःहून पाठवावी, आणि नाव काढल्याचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. इंटरपोलला या खासगी याद्या दुरुस्त करता येत नाहीत.